जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधील एलईडी लेव्हल मीटरला वीज कोठून द्यावी

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला एलईडी लेव्हल मीटर (आवाजाची पातळी दाखवणारी दिव्यांची पट्टी) बसवताना बहुतेकांचा हात प्रथम मुख्य पुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरकडे जातो, कारण तेथे डीसी तयारच मिळते. परंतु नेमकी हीच जागा टाळावी. ५० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तेथे साधारण ३५ ते ४० व्होल्ट असतात, तर मीटरसाठी सर्रास वापरली जाणारी एलएम३९१५ ही आयसी २५ व्होल्टपर्यंतच चालते. मध्ये ७८१२ हा १२ व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटर घालावा, तर त्याचीही इनपुट मर्यादा ३५ व्होल्टच आहे, आणि २०० मिलिअँपिअर प्रवाहाला त्यात साडेचार वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते.

त्यापेक्षा ट्रान्सफॉर्मरमधील डायलच्या दिव्यांचे वाइंडिंग (तारेची गुंडाळी) वापरावे. ते बहुधा ६.३ ते ८ व्होल्ट एसी देते, आणि डायलचा फिलामेंटवाला एक जुना दिवा काढून एलईडी लावली, की साधारण २५० मिलिअँपिअर मोकळे होतात. ६.३ व्होल्ट ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचे डीसी करणारे चार डायोड) काढून २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर सुमारे साडेसात व्होल्ट मिळतात. ७८०५ या ५ व्होल्टच्या नेहमीच्या रेग्युलेटरला हे काठावर पडते. त्याऐवजी इनपुट-आउटपुटमधील कमी फरकावरही चालणारा एलएम२९४०-५ निवडावा, मात्र त्याच्या आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अत्यावश्यक आहे, अन्यथा तो स्थिर राहत नाही.

एलएम३९१५ च्या ७ व ८ क्रमांकाच्या पिनांमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावल्यास प्रत्येक एलईडीला साडेपाच मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह मिळतो. म्हणजे दोन्ही चॅनेलचे वीस दिवे एकदम पेटले, तरी आयसींसह एकूण प्रवाह १२५ मिलिअँपिअरच्या जवळपास राहतो. रेक्टिफायरमुळे वाइंडिंगवर याच्या पावणेदोन पटीपर्यंत भार पडतो, हे ध्यानात ठेवूनच डायलचा एक दिवा काढावा.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये या वाइंडिंगचे एक टोक चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेले असते. अशा वेळी ब्रिजचे ऋण टोकही ग्राउंडला जोडले, तर एका अर्धचक्रात वाइंडिंग एकाच डायोडमधून शॉर्ट होते आणि जे ट्रान्सफॉर्मर आज सहज मिळत नाहीत, तेच जळतात. म्हणून प्लग काढून, मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून, डायलच्या दिव्यांच्या तारा आणि चॅसी यांच्यातील ओहम मोजावेत. जवळजवळ शून्य आले, तर ब्रिज लावू नये. चॅसीला न जोडलेल्या टोकावर एकच डायोड घेऊन ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरावा.

मीटरच्या दिव्यांचा प्रवाह आवाजाबरोबर सतत चढत-उतरत असल्यामुळे मीटरची ग्राउंडची तार कोठे जोडली, याला फार महत्त्व आहे. माझ्या पहिल्या जोडणीत तबल्याच्या प्रत्येक थापेबरोबर दिवे वर चढत आणि त्याच क्षणी स्पीकरमधून बारीक ‘टक्’ असा आवाज येई. ती तार मी फोनो (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटच्या) विभागाजवळ जोडली होती. ती मुख्य कपॅसिटरांच्या सामाईक ग्राउंड बिंदूवर नेताच आवाज थांबला. आयसीपासून एलईडी दूर असतील, तर त्यांच्या धन तारेवर आयसीजवळच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा.

आयसी सॉकेटमध्ये बसवण्यापूर्वी ६० वॉटच्या सिरीज बल्बवर (मेन्सच्या तारेत मध्ये जोडलेल्या फिलामेंटच्या बल्बवर) अ‍ॅम्प्लिफायर सुरू करावा आणि रेग्युलेटरवर ५ व्होल्ट येतात, हे पाहावे. मग आयसी बसवून, इनपुट फोनोवर ठेवून स्पीकरला कान लावावा, आणि मीटरची तार काढून व जोडून दोन्ही वेळची घरघर ताडून पाहावी.