व्हेनिसमध्ये मासा मागवण्याआधी
मेनूकार्डात माशापुढे 7 युरो दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. शेजारी बारीक अक्षरात ‘एत्तो’ असेल, तर तो भाव 100 ग्रॅमचा. 800 ग्रॅमचा मासा ताटात आला की बिल 56 युरो. म्हणून शिजवण्याआधी वजन करून दाखवायला सांगा आणि एकूण किती होतील ते तिथेच विचारा. संकोच कसला? पापलेट घेताना आपण घासाघीस करतोच की! ‘कोपेर्तो’ हा टेबलावर बसण्याचा माणशी दर. तो कार्डावर छापलेला असेल तर हुज्जत घालू नका. सॅन मार्को चौकातल्या कॅफेत वाद्यवृंद वाजत असेल, तर बसणाऱ्यांकडून त्याचेही वेगळे पैसे घेतात. नुसती कॉफीच हवी असेल तर काउंटरवर उभ्याने प्या, बरीच स्वस्त पडते.