पाळणाघर काढताय? स्वयंपाकघराची वही आणि पुरातला पैसा

कोल्हापुरात नव्यानं पाळणाघर काढणाऱ्या बायका भेटायला येतात तेव्हा विचारतात ते भाड्याचं, फीचं आणि मदतीला चांगली मावशी कुठं मिळेल याचं. स्वयंपाकघराबद्दल सहसा कुणी विचारत नाही, कारण स्वयंपाक आपल्याला येतोच असं प्रत्येकीनं धरलेलं असतं. पुराचा विषय निघतो तो पावसाळ्यात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर फिरायला लागली की. मी शाहूपुरीत भाड्याच्या तळमजल्यावर पाळणाघर चालवते. २०१९ आणि २०२१ चे दोन्ही पूर त्याच जागेत काढले. मुलांच्या पोटाची काळजी आणि अडचणीतला पैसा ही दोन्ही कामं एकाच वहीवर चालतात, असं माझं त्यातून पक्कं मत झालंय.

वहीच्या आधी कागद. पालक घरून डबा देतात आणि तुम्ही नुसता भरवता, असं असेल तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या शेगडीवर वरण-भात शिजतो आणि त्याचे पैसे फीमध्ये धरलेत, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणं तो अन्नव्यवसाय धरला जातो, त्यात नफा असो वा नसो. लहान व्यावसायिकाला मोठा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना नोंदणी होती आणि फी होती वर्षाला १०० रुपये. या नोंदणीच्या सरकारी 'फॉसकॉस' पोर्टलवर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा चढवायचा, मग १४ आकडी नंबर येतो. नियम आणि मर्यादा बदलत असतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरच बघून घ्या. एजंट या कामाचे भरमसाट पैसे मागतात. मोबाईलवर वीजबिल भरता येत असेल तर हेही जमतं.

दुसरा कागद दुकाने व आस्थापना कायद्याचा, म्हणजे आपण ज्याला शॉप अ‍ॅक्ट म्हणतो तो. २०१७ च्या कायद्यानं मोजकीच माणसं कामाला असतील (मूळ मर्यादा १० पेक्षा कमी अशी होती) तर नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती ठेवायची. तिसरी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद, ती फुकट आहे. 'आमचं आपलं घरगुती आहे' म्हणून बऱ्याच जणी हे तिन्ही टाळतात. ते का टाळू नये, ते पैशाच्या भागात येईलच.

आता स्वयंपाकघर. घरचा स्वयंपाक आणि पाळणाघरचा स्वयंपाक यांत पहिला फरक वेळेचा. घरी सकाळी आठला भात लावतो आणि दुपारी दोनला खातो, कुणाला काही होत नाही. दोन वर्षांच्या मुलाचं पोट तेवढं सोसत नाही. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे रेंगाळलं की त्यात जंतू भराभर वाढतात. भाताचं तर आणखी वेगळं. तांदळात असणाऱ्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते जागे होतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. त्यामुळं फोडणीचा भात मला स्वतःला कितीही आवडत असला तरी पाळणाघरात उरलेला भात दुसऱ्या दिवशी चालत नाही. आमच्याकडं कुकर साडेअकराला लागतो आणि सव्वाबाराला ताटं वाढली जातात. उशिरा येणाऱ्या बाळासाठी काढून ठेवायचं असेल तर झाकून गरमच ठेवायचं, नाहीतर थंड करून लगेच फ्रिजात. ओट्यावर झाकून 'असू दे जरा' हे बंद.

दुसरा फरक असा, की इथं प्रत्येक मूल निराळ्या घरचं असतं. कोल्हापुरातल्या घरात मूल दीड वर्षाचं झालं की आजी बोटाला कांदा-लसूण चटणी लावून चाखवते आणि वर कौतुकानं सांगते, 'आमच्या बाळाला तिखट चालतंय बगा.' चालत असेल, पण शेजारी बसलेल्याला चालत नाही. म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर मी तिखटाचं, दाण्याचं, दुधाचं, अंड्याचं वेगवेगळं विचारते. दाण्याचं दोनदा विचारते, कारण आपल्याकडं दाण्याचं कूट कशात नसतं? कोशिंबिरीत, भाजीत, खिचडीत, सगळीकडं. ज्या मुलाला त्यानं पुरळ उठतं त्याचं नाव शेगडीच्या वर मोठ्या अक्षरात लावलेलं असतं, म्हणजे मावशी बदलली तरी ते भिंतीवर राहतं.

वाढदिवसाचा खाऊ ही पाळणाघराची खरी डोकेदुखी. कुणीतरी आवडीनं भडंगाच्या पुड्या पाठवतं. भडंगातला दाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष, गोल कापलेलं गाजर, हे सगळं लहान मुलाच्या घशात अडकण्याच्या मापाचं असतं. द्राक्ष उभं चिरून चार फोडी, गाजर शिजवून, दाणे फक्त कूट करून, हा आमचा रिवाज. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, चाटवण्यापुरताही नाही. त्यातून होणारी विषबाधा दुर्मीळ असली तरी जीवघेणी असते. यावर एखादी आजी रागावते. रागावू द्यावं.

आईनं काढून ठेवलेलं दूध हा नव्या बायकांना सगळ्यात अवघड वाटणारा भाग, खरं तर तो सोपा आहे. बाटलीवर मुलाचं नाव, तारीख, वेळ. साधारण २५ अंशांच्या खोलीत चार तास, फ्रिजात चार दिवस. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरची खोली २५ अंशांची कुठली? म्हणून आमच्याकडं ते आल्या आल्या फ्रिजात, दारातल्या कप्प्यात नव्हे, आत मागच्या बाजूला. गरम करायचं ते गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून. बाळानं तोंड लावलेलं उरलं की ते ओतून द्यायचं. सीपीआर या सरकारी रुग्णालयात नर्स असलेल्या एका आईनं हे आमच्या मावशींना उभं राहून शिकवलं होतं, तेव्हापासून त्या माझ्यापेक्षा कडक झाल्यात.

डब्यांबद्दल एकच सांगते. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली, कारण स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक आलं होतं. तेव्हापासून शेताकडून आलेला कुठलाही जुना कॅन, कितीही घासलेला असो, मी स्वयंपाकघरात घेत नाही. आपल्याकडं निम्म्या मावश्यांच्या घरी ऊस असतो, त्यामुळं असे कॅन सहज येतात. फिनेल, ब्लीचिंग पावडर, उंदराचं औषध यांना वेगळ्या कपाटात कुलूप.

आता वही. दोनशेपानी साधी, उभ्या रेघा मारलेली. रोज तारीख टाकून लिहायचं: काय शिजलं, किती वाजता शिजलं, किती वाजता वाढलं, आधी कुणी चाखलं, किती मुलं जेवली, कोण जेवलं नाही, कुणाला उलटी-जुलाब झाले. दूध कुठल्या दुकानातून आलं, डाळ-तांदळाचं बिल किती. बिल तिथंच टाचणीनं लावायचं. शिजलेल्यातलं वाटीभर अन्न झाकून, तारीख लिहून २४ तास फ्रिजात ठेवायचं. एखाद्या घरून संध्याकाळी फोन येतो, 'बाळाला जुलाब लागलेत, तुमच्याकडं काय दिलं होतं?' तेव्हा वही उघडून सांगता आलं की आवाज खाली येतो. जेवलेल्या बाकीच्यांना काहीच नाही, हे त्याच पानावर दिसतं. आणि खरंच तीन-चार मुलांना झालं असेल तर तेही त्याच पानावर दिसतं. मग लपवायचं नाही, सगळ्या पालकांना त्याच संध्याकाळी कळवायचं.

पुरात ही वही दुसऱ्या कामाला येते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नव्या बायकांना वाटतं पूर म्हणजे घरात पाणी. राजारामपुरीत किंवा वरच्या भागात असाल तर पाणी दारात येणार नाही, पण पूर तुमच्याकडंही येतो. २०१९ ला महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, शहराचे पाणी उपसा पंप बुडाले, नळ कोरडे, दूध-पेट्रोलची टंचाई, वीज नाही. ज्यांच्या घरात थेंबभर पाणी आलं नाही त्यांनाही टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभं राहावं लागलं.

म्हणून मे महिन्यात वेगळा साठा करायचा: मूगडाळ, तांदूळ, नाचणीचं सत्त्व, दूध पावडर, ओआरएसची पाकिटं, मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध), जादा सिलिंडर. टँकरचं पाणी गाळून, खळखळून उकळून. उकळायला गॅस कमी असेल तर मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. ओआरएसचं पाकीट ज्यावर एक लिटर लिहिलंय ते एक लिटरमध्येच, पेल्यात चिमूटभर टाकून नाही. वीज गेली की फ्रिज उघडायचा नाही. बंद फ्रिज साधारण चार तास धरतो, त्यानंतर दूध आणि शिजलेलं अन्न टाकायचं.

पाणी ओसरल्यावर मोह होतो तो वाचवण्याचा. पुराच्या पाण्यात गटार असतं, मेलेली जनावरं असतात, शेतातली औषधं असतात. ज्याला ते लागलं ते पीठ, डाळ, मसाला, प्लॅस्टिकचं सीलबंद पाकीटसुद्धा, टाकायचं. लाकडी पोळपाट, लाटणं, दुधाच्या बाटल्यांची बुचं, सगळं. स्टीलची भांडी घासून उकळली की चालतात. पण टाकण्याआधी फोटो आणि यादी. भिंतीवरची गाळाची रेघ पुसायच्या आधी तिच्याजवळ टेप धरून फोटो काढायचा, मोबाईलमध्ये तारीख-वेळ येते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत चिखल तसाच ठेवायचं मुलांच्या जागेत परवडत नाही, त्यामुळं फोटो हाच पंचनाम्याचा आधार. टाकलेल्या मालाची यादी वहीतल्या बिलांशी जुळली की कुणी वाद घालत नाही.

आता ते कागद. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारनं दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५०,००० रुपये मदत जाहीर केली होती. पाळणाघर दुकान आहे का? पंचनाम्याला आलेल्यानं 'हे तर घरच आहे' म्हणून घरगुती कपड्या-भांड्यांच्या खात्यात टाकलं, की विषय संपला. माझ्या ओळखीच्या एकीचं असंच झालं. लहान मुलांच्या गाद्या, खेळणी, फ्रिज, सगळं गेलं आणि हातात व्यवसायाचा एकही पुरावा नव्हता. शॉप अ‍ॅक्टची पावती, अन्ननोंदणी, भाडेकरार आणि धंद्याचं बँक खातं समोर ठेवलं तर निदान बोलता येतं. भाडेकरारात सामान कुणाचं हेही लिहून घ्या. भिंतीच्या नुकसानीवर हक्क घरमालकाचा, गाद्या आणि फ्रिजवर तुमचा. हे कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून माळ्यावर, आणि फोटो बहिणीच्या मोबाईलवर.

सरकारी मदतीवर पहिल्या महिन्याचा हिशेब मांडू नका. मांडायचाच तर स्वतःच्या गंगाजळीवर मांडा. भाडं आणि मावशींचे पगार मिळून दोन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात असावा. फीमधून दरमहा थोडं बाजूला टाकलं की वर्ष-दीड वर्षात तो होतो. भिशीत टाकलेला पैसा यात धरू नये, पुरात भिशीवाल्या सगळ्या जणी एकाच वेळी अडलेल्या असतात. पतसंस्थेतलं सोनं तारण हा खरा चालणारा रस्ता आहे, लाजण्यासारखं त्यात काही नाही. बँकेकडं मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं. उद्यम नोंदणी आणि खात्यावर दिसणारी फी असेल तर काम सोपं होतं. म्हणून फी रोख घेऊ नका, निदान सगळी तरी नको. केंद्राची 'पालना' योजना आहे, पण तिचा मुख्य भर अंगणवाडीला जोडून चालणाऱ्या पाळणाघरांवर आहे. आपल्या घरात चालवणारीनं तिच्या आशेवर बसू नये.

त्यापेक्षा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीकडं बघा. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते, हा नियम २०१७ पासून आहे. एखाद्या कंपनीशी वर्षाचा करार झाला तर पूर असो की आजारपणाची सुट्टी, ठरलेली रक्कम येत राहते. त्या करारासाठी कंपनीची माणसं तपासायला येतात तेव्हा पहिल्यांदा काय बघतात सांगू? स्वयंपाकघर आणि वही.

पालकांशी फीचं आधीच लिहून ठरवा. पुरामुळं बंद राहिलं तर पहिल्या आठवड्याची फी पूर्ण, पुढं निम्मी, असा आमचा नियम प्रवेशाच्या फॉर्मवरच आहे. पूर आल्यावर हे बोलायला गेलं की भांडण होतं.

विमा घ्याच. छोट्या व्यवसायांसाठी २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे, तिच्यात आगीबरोबर पूर आणि वादळही धरलेलं असतं. एजंटाला फ्रिज, गाद्या, खेळणी, धान्यसाठा असं नाव घेऊन लिहायला लावा आणि पत्ता तळमजल्यासह अचूक घाला. मी नूतनीकरण एप्रिलमध्ये करते.