करार वाढवला म्हणजे कॅप संपली? एनएफएल बघणाऱ्यांनो, या चुका टाळा

मार्च उजाडला की एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघणाऱ्या आमच्या ग्रुपवर तेच रडगाणं: "अमक्याचा करार वाढवला, आता टीमकडे पैसे उरणार कुठून?" कॅप म्हणजे टीमने वर्षाला खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा. तिचा तक्ता उघडायला दोन मिनिटं लागतात, पण तेवढा धीर कुणाला आहे!

पहिली चूक म्हणजे एकूण रकमेला वर्षांनी भागणं. २०२०मध्ये कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्सचा करार १० वर्षांनी वाढवला, ४५ कोटी डॉलरचा. लगेच भागाकार, वर्षाला साडेचार कोटी, टीम बुडाली! प्रत्यक्षात त्या वर्षी कॅपवर त्याचा बोजा होता साधारण ५३ लाख. साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही केल्याबद्दलची रक्कम, खेळाडूच्या हातात लवकर पडतो, पण कॅपवर तो जास्तीत जास्त ५ वर्षांत सारखा वाटून चढतो. समजा, एकाच्या शेवटच्या वर्षाचा पगार २ कोटी आहे. ४ वर्षं वाढवली, ४ कोटी बोनस दिला आणि यंदाचा पगार २० लाखांवर आणला. यंदाचा बोजा २० अधिक ८० लाख, म्हणजे १ कोटी. करार वाढला आणि कॅप मोकळी झाली.

दुसरी चूक मला जास्त छळते: "खेळाडू काढला की पैसे सुटले." आम्ही आठ जण एक्सेलवर एनएफएलच्याच नियमांनी लीग खेळतो. गेल्या वर्षी एक उत्साही पोरगा आला. पहिल्याच महिन्यात सगळ्यांना बोनस वाटले, पुढच्या हंगामाआधी दोघांना काढलं आणि रात्री एक वाजता फोन, "काका, शीट बिघडलीय, कॅपवरचा बोजा उलट वाढलाय." शीट ठणठणीत होती. बोनसचे कॅपवर अजून न चढलेले हप्ते एकदम अंगावर आले होते. याला डेड मनी म्हणतात.

त्याला मी डेन्व्हरच्या टीमचं उदाहरण दिलं. २०२२मध्ये रसेल विल्सनचा करार ५ वर्षांनी वाढवला. ती वाढीव वर्षं २०२४पासून सुरू व्हायची होती. २०२४च्याच मार्चमध्ये त्याला काढलं. साइनिंग बोनसचे उरलेले ३ कोटी, ऑप्शन बोनसचे (हाही साइनिंग बोनससारखाच वाटून चढतो) १.६ कोटी, हमीचा पगार ३.९ कोटी: साडेआठ कोटी. १ जूनच्या सवलतीमुळे, म्हणजे पुढच्या वर्षांचे बोनसचे हप्ते एक वर्ष पुढे ढकलता येतात त्या नियमामुळे, त्यातले ५.३ कोटी २०२४वर, ३.२ कोटी २०२५वर पडले. २०२४ची अख्खी कॅप २५.५४ कोटी होती. पोरगा गप्प झाला, पण दुसऱ्या दिवशी शीटचं सूत्र बदललेलं सापडलं!

व्हॉइड वर्षांना, म्हणजे बोनस वाटायला करारात नुसती कागदावर जोडलेल्या वर्षांना, खरी वर्षं समजू नका. तिथे खेळाडू नसतो, फक्त हप्ता असतो. न वापरलेली कॅप पुढच्या वर्षी नेता येते, तीही मोजा. बातमीतल्या मोठ्या आकड्यावर तर मी थुंकतसुद्धा नाही. मी आधी दोनच रकाने भरतो: यंदाचा बोजा, आणि उद्या काढला तर किती. दुसरा रकाना भरेपर्यंत त्या पोराला आता ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करू देत नाही.