आईबाबांसाठी असिस्टेड लिव्हिंग बघताय? मग संध्याकाळी सातला जाऊन बघा

माझी आई ८१ ची, पार्किन्सन्स (कंपवात) आहे, कोथरूडला एकटी राहायची. मी ठाण्याला, दादा परदेशात. दोनदा बाथरूममध्ये पडली तेव्हा ठरवलं की आता नुसत्या फोनवर भागायचं नाही. त्यानंतर तीन महिने आम्ही पुणे, तळेगाव, नाशिक असं फिरून, ज्येष्ठांना राहायला खोली आणि रोजच्या कामांत मदत मिळेल अशा जागा बघितल्या, त्यातून जे कळलं ते लिहितेय, कारण हे शोधताना माणूस फार एकटा पडतो आणि घाईत चुकतो.

जागा बघायच्या आधी वही घ्या आणि सहा गोष्टी लिहा. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवरचा ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६३ साली ही यादी मांडली आणि डॉक्टर लोक अजून तीच वापरतात. प्रत्येकीपुढे लिहा, स्वतः करते, थोडी मदत लागते की पूर्ण मदत लागते. खरं लिहा हं, आपण मुलं इथे जरा चांगलं चांगलं लिहितो. आमची आई "मी करते गं सगळं" म्हणायची आणि चार दिवस तिच्याकडे राहिल्यावर कळलं की ब्लाउजची हुकं लावायला तिला अर्धा तास लागतोय.

ही वही कशाला, तर बाहेर वेगवेगळ्या सोयींच्या जागांना एकच नाव देतात. पुण्यात अथश्रीसारखे ज्येष्ठांसाठीचे फ्लॅट (सीनिअर लिव्हिंग) बरीच वर्षं आहेत, तिथे आपला फ्लॅट, मेस, सोबतीला माणसं, पण रोजची आंघोळ घालायला कोणी येईलच असं धरून चालू नका, ती सोय वेगळी विचारायची. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे ही रोजची मदत आणि गोळ्या देणं धरून. आणि पूर्ण अंथरुणावरचा पेशंट, नाकातली नळी, कॅथेटर (लघवीची नळी) हे नर्सिंगचं काम. वहीत "पूर्ण मदत" तीन-चार ठिकाणी आली असेल तर सुंदर बाग असलेल्या सीनिअर लिव्हिंगचा आपल्याला काही उपयोग नाही.

आता भेट. सकाळी ११ ला अपॉइंटमेंट घेऊन गेलात तर सगळं छानच दिसणार, फरशी पुसलेली, भजन चालू, मॅनेजर हजर. एकदा तसं जा, पण दुसऱ्यांदा संध्याकाळी ७ च्या सुमारास जा, जमलं तर रविवारी. त्या वेळेला ड्युटी बदलते, स्टाफ कमी असतो, आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांची घालमेल संध्याकाळीच वाढते, त्यामुळे जागेची खरी परीक्षा तेव्हाच होते. एका ठिकाणी (नाव नाही घेत) सकाळी आम्ही एवढे खूश होतो की चेक लिहायचा बाकी होता. संध्याकाळी परत गेलो तर कॉरिडॉरमध्ये एक आजोबा "मावशी, मावशी" हाका मारत होते, दहा मिनिटं कोणी आलं नाही, शेवटी मीच पाणी दिलं. मग खोलीत जाऊन बघितलं तर कॉल बेलची दोरी वर गुंडाळून खिळ्याला अडकवलेली, पलंगावरच्या माणसाचा हातच पोचू नये अशी. तिथून आम्ही परत आलो.

म्हणून मॅनेजरची परवानगी घेऊन बेल दाबून बघा आणि घड्याळ लावा. आणि विचारा, रात्री १० ते सकाळी ६ किती लोकांमागे किती मावशी-मामा, म्हणजे सांभाळणारी माणसं, असतात, आणि त्यातले जागे किती. दिवसाचा आकडा सगळे पटकन सांगतात, रात्रीचा सांगताना अडखळतात.

गोळ्यांचं तर नक्की विचारा. पार्किन्सन्सची लेव्होडोपा नावाची गोळी ठरलेल्या वेळेलाच लागते, शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण डाळ-दूध-पनीर सोबत गेलं की ती नीट लागू पडत नाही, आणि उशीर झाला की माणूस जागच्या जागी अडकतो. एका जागी म्हणाले, "आम्ही सगळ्यांना नाश्त्यानंतर एकदमच देतो." बाकी सगळं उत्तम होतं तिथलं, जेवण तर इतकं चवीचं, पण आमच्या आईला ती जागा चालण्यासारखी नव्हती. दुसऱ्या कोणाच्या आईला कदाचित अगदी योग्य असेल. चांगली-वाईट जागा असं सरसकट नसतंच, आपल्या वहीशी जुळते का एवढंच बघायचं.

बाकी बघायचं म्हणजे बाथरूममध्ये भिंतीचा दांडा हलवून बघा, फरशी ओली करून पाय ठेवा, उंबरा आहे का, व्हीलचेअर वळते का. फ्लॅट विकत घेत असाल तर महारेराने (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, रॅम्प, दारं, दांडे यांचे नियम काढलेत, बिल्डरला त्याबद्दल थेट विचारा. कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर कूस किती वेळाने बदलता ते विचारा, "दर दोन तासांनी" असं उत्तर आलं तर नोंद दाखवा म्हणा.

जमेची बाजूही मोठी आहे, ती अपराधीपणात विसरू नका. घरी ब्युरोची बाई ठेवली की दिवाळीत ती गावाला जाते आणि बदली येतच नाही, इथे ती चिंता जाते. शिवाय सोबत. माझी आई कित्येक महिने कोणाशी फोनशिवाय बोलली नव्हती, नव्या जागी ट्रायलला राहायला गेली तेव्हा तिसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंबरोबर रमी खेळत बसली होती, पानं हातात थरथरत होती पण चेहरा बघायला पाहिजे होता.

पैशाचं कागदावर मांडा. डायपर, फिजिओ, लाँड्री, हॉस्पिटलला नेताना सोबतचा माणूस, जीएसटी, यातलं फीमध्ये काय आणि वेगळं काय, लेखी घ्या. दरवर्षी वाढ किती? समजा महिना ४५ हजार आणि वाढ १० टक्के, तर पाच वर्षांनी ७२ हजारांच्या पुढे जातं. ७० वर्षांपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांचं कव्हर मिळतं खरं, पण ते हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावर, राहण्याच्या फीला नाही. डिपॉझिट किती दिवसांत परत, कोणाच्या नावावर, महिनाभरात नाही पटलं तर किती कापणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तब्येत आणखी बिघडली तर ठेवून घेणार की "घेऊन जा" म्हणणार? हे कलम करारात शोधा, नसेल तर घालून घ्या. माहिती किंवा मदत हवी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

घर लगेच विकू नका, भाड्यानेही देऊ नका. आधी १५ दिवस ते महिना ट्रायल, आणि ज्याला राहायचंय त्याला सोबत नेऊन स्वतः बघू द्या. आमच्या आईने मॅनेजरला दोनच प्रश्न विचारले. माझे देव खोलीत ठेवता येतील का, आणि सकाळी साडेपाचला चहा मिळेल का. पहिल्याला हो म्हणाले, दुसऱ्याला म्हणाले किचन साडेसहाला उघडतं, पण खोलीत किटली ठेवा, रात्रपाळीच्या मावशी करून देतील. आता रोज सकाळी पावणेसहाला तिचा फोन येतो, चहा झाला म्हणून.