बाईचं अवलंबन मोजायचं कसं? प्रश्नावली करणाऱ्यांसाठी थोडं रोखठोक

एम.ए. मानसशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी दरवर्षी माझ्याकडे एकतरी मुलगी हा विषय घेऊन येते: स्त्रियांचं मानसिक अवलंबित्व आणि स्वतंत्र होण्याची भीती. कोलेट डाउलिंग या अमेरिकन लेखिकेने १९८१ साली त्याला 'सिंड्रेला कॉम्प्लेक्स' म्हटलं, आणि विषयाला एक झोकदार नाव मिळालं. मोजणं मात्र त्याने सोपं झालं नाही.

मी पहिल्याच भेटीत विचारते, "तू भीती मोजणार आहेस की परवानगी?" एक बाई एकटी परगावी जात नाही, कारण तिला धास्ती वाटते. दुसरी जात नाही, कारण सासरे जाऊ देत नाहीत. प्रश्नावलीत दोघींची खूण एकाच चौकटीत पडली, की पुढची सगळी आकडेमोड वाया.

परवानगी मोजण्याची सोय आधीपासून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारतात, की बाजारात, दवाखान्यात, गावाबाहेर एकटीला जाऊ देतात का. याच सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ७८.६ टक्के स्त्रियांनी सांगितलं, की आपलं बँक खातं आहे आणि ते आपणच वापरतो. पण काउंटरवर स्लिप भरताना तिचा हात थरथरतो का, हे या आकड्यात येत नाही. 'लाडकी बहीण'चे दीड हजार तिच्या नावावर जमा होतात. एटीएमचा पिन कोणाला पाठ आहे, हा वेगळा प्रश्न आणि तो माहीत असूनही ती यंत्रासमोर एकटी उभी राहत नाही का, हा तिसरा.

म्हणून मी तीन रकाने आखायला लावते. आधी रोजच्या कामांची यादी: पैसे काढणं, डॉक्टरांशी स्वतः बोलणं, एसटीने मुक्कामाच्या गावी जाणं, गॅस बुक करणं, घरात रात्री एकटीने राहणं, मुलाच्या शाळेत तक्रार करणं. प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न. हे कधी एकटीने केलंय का? करायचं म्हटलं तर कोणाची किंवा कशाची आडकाठी आहे का? आणि आडकाठी नाही असं धरलं, तर उद्या एकटीने करायच्या विचाराने पोटात किती गोळा येतो, शून्य ते दहा? भीतीचे गुण तिसऱ्या रकान्यातूनच घ्या. दुसऱ्यात जिथे 'हो' आहे ती कामं वेगळी काढून त्यांची बेरीज स्वतंत्र मांडा. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे प्रवासाच्या बाबतीत 'पैसे नाहीत' ही आडकाठी बरीच हलकी झाली; उरलं ते काय, हे आता जास्त स्वच्छ दिसतं.

तयार मापिका, म्हणजे गुण देऊन मोजणारी प्रश्नावली, हवी असेल तर दोन बघाच. हर्शफेल्ड आणि सहकाऱ्यांची १९७७ची ४८ विधानांची मापिका: भावनिक आधाराची गरज, चारचौघांत आत्मविश्वासाचा अभाव आणि स्वायत्ततेचा आग्रह असे तिचे तीन भाग. दुसरी रॉबर्ट बॉर्नस्टीन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची. ती अति-अवलंबन, अति-अलिप्तता आणि निकोप अवलंबन वेगवेगळं मोजते. मला हीच जास्त पटते. बाळंतपणाला बहिणीला बोलावणारी बाई दुबळी नसते, आणि कुणालाच काही न मागणारी बाई स्वतंत्र असतेच असं नाही. मापिका वापरायची तर कर्त्यांची परवानगी घ्या, मराठी करा, आणि मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करवून ताडून पाहा. तिकडचे कटऑफ, म्हणजे 'इतक्या गुणांपुढे जास्त' अशा ठरवलेल्या सीमा, मात्र इकडे लावू नका.

स्वतः विधानं लिहिणार असाल तर खरी मेहनत इथे आहे. 'मी इतरांवर अवलंबून असते' असं विधान चालत नाही. त्यावर कोणीही 'थोडंफार' म्हणून मोकळी होते. प्रसंग लिहा. 'नवी साडी घेताना कोणी छान म्हटल्याशिवाय मी पैसे देत नाही.' 'बँकेचा फोन आला की मी तो दुसऱ्याच्या हातात देते.' 'जमत असूनही मी "मला नाही बाई कळत" म्हणते.' हे शेवटचं कधीच गाळू नका. स्वतंत्र होण्याची भीती ज्या विधानांतून उघडी पडते, त्यांत ते फार वरचं आहे. त्याच्या जोडीला हे ठेवा: 'निर्णय मी घेतला आणि चुकला, तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल.' पुष्कळ वेळा बाई स्वातंत्र्याला भीत नसते, नंतरच्या बोलण्यांना भीत असते. हे दोन गट गुणांकनात वेगळे ठेवा.

काही विधानं उलटी हवीत ('पटलं नाही तर मी मोठ्यांनाही तसं सांगते'), पण 'नाही वाटत नाही' छापाचे दुहेरी नकार नकोत. एका विधानात एकच गोष्ट. चाळीसेक लिहा, पायलटनंतर, म्हणजे आधी थोड्या जणींवर करून पाहिल्यावर, वीस-बावीस उरतील. एकूण गुणांशी ज्यांचा सहसंबंध (दोन्ही किती सोबत वरखाली होतात याचा आकडा) ०.३०च्या खाली, ती काढा. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, ०.७०च्या वर असावा. मात्र अल्फा चांगला आला म्हणून मापिका भीतीच मोजते असं सिद्ध होत नाही, हे तोंडी परीक्षेत नक्की विचारतात.

भरून घेताना सासूबाई शेजारी बसलेल्या नकोत. बचत गटाची बैठक सोयीची वाटते, पण तिथे एकमेकींच्या कागदात डोकावणं होतं. एकेकीला बाजूला घ्या. लिहिण्याची सवय नसेल तर वाचून दाखवा. शून्य ते दहा समजत नसेल तर दहा चिंचोके पुढे ठेवा, भीती जेवढी तेवढे उचल म्हणा.

जमलं तर पुरुषांकडूनही भरून घ्या. बॉर्नस्टीन यांनी १९९५मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा सरळ प्रश्नावल्यांत स्त्रियांचे गुण जास्त निघाले, पण शाईच्या डागांसारख्या, काय मोजतात ते उत्तर देणाऱ्याला कळत नाही अशा चाचण्यांत तो फरक टिकला नाही. म्हणजे काही अंशी आपण कबुली मोजतो. चहा टाकता न येणाऱ्या, बायको माहेरी गेली की कासावीस होणाऱ्या गृहस्थाला आपल्याकडे कोणी अवलंबून म्हणत नाही, म्हणून यादीत त्याचीही कामं घाला.

प्रबंधात 'अवलंबी व्यक्तिमत्त्व विकार' हा शब्द वापरू नका. ते निदान आहे, त्याला आठपैकी किमान पाच निकष लागतात आणि तज्ज्ञाची मुलाखत लागते.

"किती पडले मला?" असं बाई विचारतेच. बेरीज सांगू नका. कुठल्या कामाला गोळा कमी आला, कुठल्याला जास्त, ते सांगा. आणि दुसऱ्या रकान्यात मारहाणीचा उल्लेख आला, तर तिची भीती हा मापिकेचा विषयच राहत नाही. ती भीती रास्त आहे. तिथे प्रश्नावली थांबवा, महिला हेल्पलाइनचा १८१ क्रमांक द्या, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं हे सांगा. क्रमांक चिठ्ठीवर लिहून देऊ नका, पाठ करून घ्या. चिठ्ठी घरी सापडते.