थायरॉइडची लक्षणं आहेत आणि रिपोर्ट जुळत नाही? या चुका टाळा

माझ्या धाकट्या जावेचे केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांनी थायरॉइड तपासलं, तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचं संप्रेरक) अगदी कमी आणि फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) वाढलेलं. म्हणजे रिपोर्टप्रमाणे थायरॉइडचं काम जोरात चाललेलं, तिला उकडायला हवं. आणि ही तर ऐन मे महिन्यात पंखा बंद करून शाल पांघरून बसायची! दोन डॉक्टर झाले. तिसऱ्यांनी विचारलं, "केसांसाठी काही घेता का?" गोळ्या आठवडाभर बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं. टीएसएच १८ आलं, म्हणजे खूप जास्त. थायरॉइड खरं तर मंदावलेलं होतं.

बायोटिन थायरॉइड ग्रंथीला काही करत नाही. अनेक लॅबमध्ये तपासणीच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन आकडे फिरवतं. केस गळतात म्हणून गोळ्या सुरू होतात आणि केस का गळतात तेच त्या गोळ्या झाकून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही बायोटिन आहे का, ते वाचा.

दुसरी चूक म्हणजे डॉक्टरांपुढे बसून नुसतं "थकवा येतो" म्हणणं. दिवसभरात ते हे वाक्य कितीदा ऐकत असतील! जावेनं तिसऱ्या वेळी वहीचं एक पान नेलं होतं. जानेवारीत वजन ५८, मेमध्ये ६४, जेवण तेवढंच. पाळी २८ दिवसांवरून २१ वर, रक्तस्राव नऊ दिवस. चार दिवस पोट साफ नाही. आईला थायरॉइड. ते पान डॉक्टरांनी दोनदा वाचलं. आपल्या बायकांना स्वतःची दुखणी मोजून सांगायची सवय नाही, ती लावून घ्या. जुने रिपोर्टही तारखेप्रमाणे लावून न्या.

वेळेकडेही लक्ष द्या. टीएसएच पहाटे जास्त असतं आणि दुपारी उतरतं. एकदा सकाळी आठला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला रक्त दिलंत, तर तुलना कशाची करणार? शक्यतो तीच लॅब, तीच सकाळची वेळ ठेवा. थायरॉक्सिन (थायरॉइड मंदावल्यावर देतात ती गोळी) चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

"टीएसएच नॉर्मल आहे" हे बहुतेकांच्या बाबतीत पुरेसं असतं. पण बाळंतपणात फार रक्तस्राव झाला असेल, नंतर दूध आलं नसेल, पाळी परत सुरू झाली नसेल, तर हे आवर्जून सांगा. त्या रक्तस्रावामुळे पिट्यूटरीला इजा झाली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही टी४ कमी असू शकतं. अशा वेळी फ्री टी४ तपासावंच लागतं. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉइडला सूजही येऊ शकते, त्यामुळे "ओली बाळंतीण आहे, थकणारच" म्हणून गप्प बसू नका. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्ध शरीरातच तयार होणाऱ्या अँटिबॉडीजची तपासणी) मात्र एकदा पॉझिटिव्ह आलं की दरवेळी करण्यात पैसे घालवू नका.

टीएसएच ६ किंवा ७, म्हणजे थोडंसंच वाढलेलं, आलं म्हणून घाबरून लगेच गोळीसाठी हट्टही धरू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की पुष्कळदा ते आपोआप उतरलेलं असतं. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

गोळी सुरू झाल्यावर ती चहाबरोबर घेणं ही घरोघरची चूक. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. डोस बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. पंधरा दिवसांत केली तर आकडा अजून स्थिर झालेला नसतो.

आणि "टेन्शन घेऊ नका" असं ऐकायला मिळालं, तर शांतपणे विचारा, "मग हे कशामुळे होत असेल?" हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, साखर यांचा विषय काढा. असाच थकवा त्यांच्यामुळेही येतो. उत्तर केसपेपरवर लिहून मागा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांकडे पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार नाही.

गळ्याला गाठ लागत असेल तर लवकर दाखवून घ्या. छातीत सतत धडधड होत असेल, किंवा माणूस थंडगार पडून गुंगीत जात असेल, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.