स्वस्त इलेक्ट्रिक सायकल जुळवताना या चुका टाळा

दांडिया बाजारातून मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) सात-आठ किलोमीटर, जाऊन-येऊन पंधरा-सोळा. बडोद्यात रोज कामावर जाणाऱ्या कितीतरी जणांचं अंतर एवढंच असतं. शहर सपाट, चढ काय ते पुलांवरचे. तरीही जुन्या सायकलला मोटर बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो: एका चार्जमध्ये ऐंशी किलोमीटर जाईल ना? खर्च तिथेच फुगतो. मग तो भरून काढायला कात्री लागते ब्रेकला, चाकाला आणि वायरिंगला. काटकसर बरोब्बर उलट्या जागी होते. माझं मत सरळ आहे: मोटर आणि बॅटरी गरजेपुरती घ्या आणि वाचलेले पैसे सायकलमध्ये घाला.

बॅटरी: मोठी घेण्याचा मोह

३६ व्होल्ट, १० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. पाय न मारता, नुसत्या थ्रॉटलवर (हँडलवरच्या एक्सिलरेटरवर), सिग्नलला थांबत गेलात तर किलोमीटरमागे १२ ते १५ वॅट-तास जातात. पेडल मारत गेलात तर आठ-दहात भागतं. सोळा किलोमीटरला अगदी वाईट धरलं तरी २४० होतात. काही वर्षांनी बॅटरीची ताकद वीस टक्क्यांनी उतरली तरी संध्याकाळी घरी पोचाल. याच्या दुप्पट बॅटरी घेणं म्हणजे उरलेलं वजन रोज फुकट वाहणं.

दुसऱ्या टोकाला जाऊन लेड-अ‍ॅसिडही बसवू नका. बारा व्होल्टच्या तीन बॅटऱ्या मिळून बारा किलोच्या घरात जातात. त्यांचा निम्म्याहून जास्त चार्ज रोज काढला की त्या लवकर बसतात. पहिल्या दिवशी वाचलेले पैसे दुसऱ्या वर्षी दुकानदाराला द्यावे लागतात.

लिथियममध्ये एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) घ्यायची की एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट)? आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि सायकल दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. मी एलएफपी सुचवीन. ती थोडी जड आणि मोठी असते, पण उष्णता जास्त सोसते आणि जास्त वर्षं टिकते. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. म्हणून उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नका; बॅटरी तास-दीड तास घरात निवू द्या.

आता सगळ्यात धोक्याची चूक. दोन्ही प्रकारच्या बॅटरीवर ‘३६ व्होल्ट’च छापलेलं असतं. एनएमसीत दहा सेल एकापुढे एक असतात आणि त्या ४२ व्होल्टला भरतात. एलएफपीत बारा असतात आणि त्या ४३.८ ला भरतात. पिन दोन्हीकडे तीच बसते. एलएफपीचा चार्जर एनएमसीला लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ च्या जागी जवळजवळ ४.४ व्होल्ट जातात. मग तुम्ही आणि आग यांच्यामध्ये फक्त बीएमएसचं, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरज पडली की वीज तोडणारं, छोटं सर्किट उरतं. घरात दोन सायकली असतील तर चार्जरवर रंगीत टेप गुंडाळा. ‘चालशे (चालेल), काका’ म्हणत कोणी दुसरा चार्जर हातात दिला तर आधी त्याच्यावरचा आकडा वाचा.

मोटरचे वॅट सगळे वाचतात, आरपीएम कोणी वाचत नाही

२५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी) मागवली, किट आलं, चाक बसलं. सपाट रस्त्यावर सायकल सुसाट धावते, पण पुलावर चढताना गुरगुरते आणि तापते. अशा वेळी मोटरवरचा आकडा बघा. ३२८ आरपीएम (मिनिटाला ३२८ फेरे) असेल तर ती मोटर बहुधा वीस इंची लहान चाकासाठी बनवलेली आहे.

२६ इंची चाकाचा घेर सुमारे दोन मीटर सात सेंटिमीटर असतो. ताशी २५ किलोमीटरला हे चाक मिनिटाला जेमतेम दोनशे फेरे मारतं. त्यामुळे भाराखाली दोनशेच्या आसपास आणि रिकामी फिरताना अडीचशेच्या आसपास फिरणारी मोटर या चाकाला बरोबर. ३२८ ची मोटर रिकामी असताना याच चाकाला चाळिसाच्या वेगाने पळवू पाहते. चढावर वेग बारा-पंधरावर आला की ती आपल्या सोयीच्या वेगापासून फार दूर असते. करंट वाढतो, पण त्याची ताकद कमी आणि उष्णता जास्त होते. गियरवाल्या हबमधले नायलॉनचे दाते अशाच चढांवर झिजतात. गेंडा सर्कलकडून साडेतीन किलोमीटरचा अटल पूल रोज ओलांडणाऱ्याला वॅट वाढवायची गरज नाही, योग्य आरपीएमची मोटर पुरते. साधा हिशोब करा: माणूस धरून १०० किलो वजन, शंभराला चारचा चढ, ताशी १५ चा वेग. चाकावर २३० वॅटच्या आसपास लागतात. थोडे पाय मारले की २५० ची मोटर ते आरामात करते.

चाक विणणाऱ्याला सांगायची एक गोष्ट

मोटरच्या हबचा घेर मोठा असतो. साध्या सायकलचं चाक विणायची सवय असलेला मेकॅनिक हातसवयीने तीन क्रॉस विणतो, म्हणजे प्रत्येक स्पोक वाटेत तीन स्पोकांना ओलांडतो. मग स्पोक रिममध्ये तिरका शिरतो आणि निपलपाशी वाकतो. दोन-तीन महिन्यांत टक्क करून एक स्पोक तुटतो, मग शेजारचा. लोक जाड स्पोक घालून बघतात, तोही तुटतो. इथे एकच क्रॉस हवा, म्हणजे स्पोक रिममध्ये जवळजवळ सरळ जातो. नवीन चाक शंभरेक किलोमीटर चाललं की पुन्हा एकदा ताण बघून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्या. हे पैसे वाचवू नका.

एक्सलचंही तसंच. काळ्या जुन्या सायकलीच्या मागच्या चिमट्यातली जागा अरुंद असते आणि मागची मोटर बहुधा १३५ मिलिमीटरची येते. हाताने ताणून बसवली तर चेनची रेघ बिघडते. फ्रेम नीट फाकवून दोन्ही बाजू समांतर करून घ्या. टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी पट्टी) लावल्याशिवाय पहिली चक्करही मारू नका. मोटर स्वतःच्या एक्सलला उलटं ढकलत असते. नट सैल झाला तर एक्सल खाचेत फिरतो आणि आतून आलेली वायर पिळून तोडतो. पुढच्या चाकात मोटर बसवली असेल तर चाक चिमट्यातून निसटूही शकतं. रॉड ब्रेकवर २५ चा वेग ठेवू नका. ओल्या स्टीलच्या रिमवर ते रबर काहीच धरत नाही. फ्रेम निवडतानाच व्ही-ब्रेक किंवा डिस्कची सोय असलेली घ्या.

बॅटरीची जागा फ्रेमच्या त्रिकोणात. लेडीज सायकलला तो त्रिकोण नसतो, म्हणून बॅटरी कॅरियरवर जाते आणि वर डबा-पिशवी ठेवली की शेपूट हलायला लागतं. तिथे बॅटरी लहान ठेवा आणि शक्य तेवढी खाली लावा.

पाणी

बडोद्यात हा विषय वेगळाच काढावा लागतो. अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) तुंबलं की दुचाक्या ढकलत न्याव्या लागतात. २६ इंची चाकाचा मध्य जमिनीपासून तेहतीस सेंटिमीटरवर असतो. पाणी तिथे पोचलं की मोटरच्या केबलच्या भोकातून आत जातं. मग उतरून ढकलण्यातही अर्थ नाही, दुसरा रस्ता धरा.

वायर हबमधून निघाल्यावर सरळ वर चढवू नका. आधी खाली झोळ द्या आणि मग वर न्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी टपकतो आणि वायरवरून एक्सलकडे जात नाही. कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा) उभा बसवा, वायरी निघतात ती बाजू खाली. अनेक जण सगळीकडे सिलिकॉन फासतात, पण आत शिरलेली वाफ मग बाहेर पडत नाही. कंट्रोलरच्या डब्याला तळाला एक बारीक भोक ठेवा आणि कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस भरा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. तशा पुरात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा चार्ज करायची नसते, वरून ती कितीही कोरडी दिसो. आतल्या पट्ट्या हळूहळू गंजतात आणि शॉर्ट कधी होईल याचा नेम नाही.

बंद पडली तर आधी काय बघायचं

डिस्प्ले चालू, पण मोटर फिरत नाही: कंट्रोलर बदलायच्या आधी ब्रेकची मूठ बघा. ती पूर्ण परत आली नसेल तर ब्रेक लावताच मोटर बंद करणारा कट-ऑफ स्विच दाबलेलाच राहतो. त्याचा कनेक्टर काढून चाक अधांतरी ठेवून थ्रॉटल द्या. फिरलं तर दोष तिथेच. रस्त्यावर निघण्याआधी कनेक्टर परत लावायला विसरू नका.

झटके देते, घरघर करते: बहुधा हॉल सेन्सरची (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरची) वायर. पाच बारीक वायरींपैकी लाल-काळ्यात पाच व्होल्ट हवेत. मग काळी आणि एकेक रंगीत वायर धरून चाक हळू फिरवा, मीटर शून्य आणि पाचमध्ये उड्या मारायला हवा. गियरवाल्या हबला चाक उलटं फिरवा. पुढे फिरवलं तर आतला क्लच सुटतो, मोटर जागची हलत नाही आणि चांगला सेन्सरही मेलेला वाटतो. या एका गोष्टीपायी कितीतरी धडधाकट मोटरी उघडल्या जातात.

बॅटरी भरलेली दाखवते आणि पुलावर अचानक बंद पडते: सेलचा एक गट कमकुवत झाला आहे. भार आला की त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि बीएमएस सगळं तोडतं. बीएमएसच्या पांढऱ्या कनेक्टरवर गटागटाचा व्होल्टेज मोजता येतो, पण हे काम माहितगाराकडून करून घ्या. त्या गटात जुन्या लॅपटॉपचे सेल घालून जोडकाम करू नका.

अंतर कमी झालं: टायरमधली हवा, घासणारा ब्रेक. दहातल्या आठ वेळा एवढंच.

आणि कायद्याचं. अर्ध्या तासाची क्षमता (मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती ताकद; ‘२५०’ छापलेल्या मोटरचा हा आकडा वेगळा तपासा) २५० वॅटपेक्षा कमी, वेग २५ पेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर, या अटी चाचणी संस्थेने तपासून मंजूर केल्या तर अशी सायकल नियमात मोटर वाहन ठरत नाही, म्हणून नंबर प्लेट लागत नाही. कलाभवनातल्या (इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या) पोरांसारखं कोणी अशा सायकली बनवून विकायच्या विचारात असेल तर ही मंजुरी आधी घ्यावीच लागते. पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही अशा संस्थांपैकीच एक.